चौथ्या मजल्यावर वाचतात तरी काय?

तुम्हाला म्हणून सांगते, माझं नाव कुठे घेऊ नका. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकू गेले दोन महिने काहीतरी वाचतायत, आणि काय वाचतायत ते अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नाही.

कुणालाही नाही! वॉचमनला नाही, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या क्लासच्या मुलांना नाही, त्यांच्याकडे आणि आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना नाही. मावशींना ठाऊक नाही म्हणजे बघा. कुणाच्या फ्रिजमध्ये परवाची भेंडी आहे आणि कुणाचे साहेब हल्ली हॉलमध्ये झोपतात, हे मावशींना घरातल्या माणसांच्या आधी कळतं. मी मुद्दाम विचारलं, "मावशी, काकूंच्या उशाशी पुस्तक कुठलं असतं हो?" तर म्हणाल्या, "पुस्तक कुठलं ताई, पाटी असते. काळी."

पाटी! ऐकलंत? मुलगा न्यू जर्सीहून आला. आईसाठी स्वेटर आणावा, बदाम आणावेत, गुडघ्याचा पट्टा आणावा. त्याने आणलं किंडल. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाचला काकू खाली येतात, सोनचाफ्याजवळच्या बाकावर बसतात आणि ती पाटी मांडीवर उघडतात. मी कंपाउंडमध्ये पाच फेऱ्या मारते. दुसऱ्या फेरीला त्या गालातल्या गालात हसत असतात. तिसऱ्या फेरीला भुवया वर. मागच्या मंगळवारी तर पदराने डोळे टिपले. मी लगबगीने जवळ गेले, माणुसकी म्हणून, दुसरं काही नाही, तर त्यांनी मरून रंगाचं झाकण टप्पकन मिटलं आणि म्हणाल्या, "काय गं, झाल्या फेऱ्या?"

झाकण मरून. ज्या पुस्तकाने माणूस आधी हसतो आणि मग रडतो, त्याचं कव्हर मरून कसं असेल? आणि सोमवारी मरून, मंगळवारी मरून, एकादशीलाही मरून?

तुम्ही म्हणाल, कव्हरचं काय एवढं. अहो, कव्हर म्हणजे नुसता पुठ्ठा असतो का! मी एकतीस वर्षं मुलुंड ते व्हीटी लेडीज डब्यातून गेले-आले. त्या डब्यात कुणी कुणाला खासगी प्रश्न विचारायची गरजच पडायची नाही. पुस्तक पर्समधून बाहेर निघालं की माणूस बाहेर निघायचा. एकीने भायखळ्याला गर्भसंस्काराचं पुस्तक काढलं, दादर यायच्या आत डोहाळजेवणाची वर्गणी ठरली. एकीच्या हातात वास्तुशास्त्र दिसलं तेव्हाच मी म्हटलं होतं, हिचं सासूशी बिनसलंय, ही वेगळं घर बघतेय. सहा महिन्यांत बाई डोंबिवलीला! स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक घेऊन उभी राहणारी मुलगी कचेरी सोडणार हे तिच्या साहेबांना कळायच्या आधी घाटकोपरला उतरणाऱ्या तिघींना माहीत होतं.

आणि ज्यांना लपवायचं असायचं त्या वर्तमानपत्राचं कव्हर घालायच्या. म्हणजे तर जाहिरातच! अभ्यासाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकर घालून वाचणारी पोरं आमच्या घरात होती. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने, तेवढी भूगोलाची पुस्तकं फुगली. आणि काकोडकर? चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. हायकोर्टाने दोषी धरलं होतं, सुप्रीम कोर्टाने 1969 साली सोडलं. सोडलं, तरी आमच्या आईने नाही सोडलं. गादीखाली कागदात गुंडाळलेलं काही सापडलं की आधी काकोडकरांचाच संशय. पण निदान संशय घ्यायला कागदाचा चौकोन तरी होता! गादीला उंचवटा यायचा.

आता बघा. ज्ञानेश्वरी तेवढीच जाड आणि चावट कादंबरी तेवढीच जाड. दोन्हींना तेच मरून झाकण. 'फिफ्टी शेड्स' नावाचं ते इंग्रजी प्रकरण आधी ई-पुस्तकातून पसरलं आणि 2012 साली त्याचा बोभाटा झाला. बायका ते बिनधास्त आगगाडीत बसून वाचतात कारण बाहेरून काही दिसत नाही, असं तेव्हा तिकडची वर्तमानपत्रंच लिहीत होती. मी काकूंबद्दल तसं काही म्हणत नाहीये. सत्तरी गाठली त्यांनी. मी फक्त एवढंच म्हणते, की बाहेरून काही दिसत नाही.

माझा नातू इंजिनियरिंगला आहे, त्याला धरलं. म्हटलं, सांग रे, त्या पाटीत असतं काय? म्हणाला, "आजी, शाईच असते." अमेरिकेत एमआयटीमधल्या लोकांनी 1997 साली ई-इंक म्हणून कंपनी काढली, त्यांची करामत. केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात म्हणे, लाखो. प्रत्येकीत पांढरे कण आणि काळे कण. विजेचा एक झटका दिला की काळे वर येतात, उलटा दिला की पांढरे. आणि गंमत म्हणजे एकदा वर आलेला कण वीज काढून घेतली तरी तिथेच बसून राहतो. हुबेहूब आमची मॅनेजिंग कमिटी! वीज लागते ती फक्त पान उलटताना, म्हणून चार्जिंग आठवडे-आठवडे टिकतं. बाकी वेळ ते पान नुसतं पडून असतं, छापलेल्या कागदासारखं. उन्हातही दिसतं, चमकत नाही.

इथेही माझी पंचाईतच. मोबाइल वाचणाऱ्याच्या तोंडावर निळा उजेड पडतो, त्यामुळे रात्री दोनला बी विंगमध्ये कोण जागं आहे ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वच्छ समजतं. या नव्या पाट्यांना दिवा आहे, पण तो आतून डोळ्यांत येत नाही, कडेने पानावर पडतो. कावेबाज वस्तू आहे. पहिलं किंडल 2007च्या नोव्हेंबरात निघालं, 399 डॉलर किंमत, आणि साडेपाच तासांत सगळी संपली! तिकडे लोकांना लपवायचं किती असेल, विचार करा.

पण खरी भानगड पुढेच आहे. नातू म्हणाला, "आजी, कुणालाच कळत नाही असं नाही. कंपनीला कळतं." तुम्ही कुठल्या पानावर आहात, कुठली ओळ अधोरेखित केलीत, सगळं तिथे जातं. इतकंच नाही, एखाद्या वाक्याखाली टिंबांची रेघ येते आणि इतक्या-इतक्या वाचकांनी हे वाक्य अधोरेखित केलं असं दिसतं. म्हणजे आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकू मंगळवारी संध्याकाळी कुठल्या वाक्याला रडल्या हे सिएटल नावाच्या गावात, जिथे जायला विमानं बदलावी लागतात, तिथे कळू शकतं. आणि मी? मी तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या बरोबर खाली राहते! त्यांच्या बाथरूमची गळती माझ्या छताला येते. आणि मला माहीत नाही!

आणि नुसतं बघून गप्प बसतात असंही नाही. 2009च्या जुलैत काय झालं ठाऊक आहे? ऑर्वेलची दोन पुस्तकं, '1984' आणि 'अ‍ॅनिमल फार्म', ज्याने किंडलवर विकायला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते. कंपनीच्या लक्षात आलं तेव्हा तिने काय करावं? लोकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं त्यांच्या घरातल्या यंत्रांतून तिकडच्या तिकडे पुसून टाकली. पैसे परत केले, हो, ते केले. एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी केलेल्या टिपा मात्र गेल्या वाऱ्यावर. सरकार सगळ्यांच्या घरात डोकावतं आणि नको तो कागद भट्टीत जातो अशी गोष्ट ज्या पुस्तकात आहे, तेच पुस्तक! कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांना जाहीर माफी मागावी लागली. उद्या आमचा रद्दीवाला मध्यरात्री कुलूप उघडून आला, कपाटातलं पुस्तक उचललं आणि टीपॉयवर सुटे पैसे ठेवून गेला, तर आपण शेजारी गोळा करू की नाही? इथे शेजाऱ्यांना पत्ताच नाही.

बरं, न दिसेना. मागून वाचायला तरी मिळावं? आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दिवाळी अंकांची योजना होती. मराठीत पहिला दिवाळी अंक 1909 साली 'मनोरंजन'ने काढला, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी. तेव्हापासून अंक विकत एकाने घ्यायचा आणि वाचायचा दहा जणांनी हा आपला कुळाचारच. आम्ही बारा बिऱ्हाडं, प्रत्येकाने एकेक अंक घ्यायचा आणि चार-चार दिवसांनी पुढे सरकवायचा. भाऊबीजेला सुरू झालेलं चक्र होळीपर्यंत फिरायचं. आता तुम्ही म्हणाल वाचनसंस्कृती वगैरे. ती असेल. पण अंकात काय काय यायचं! ज्योतिषाच्या पानावर कुंभ राशीभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. कुंभेची सबंध बिल्डिंगमध्ये एकच व्यक्ती, तिच्या विवाहयोगात कुणाला एवढा रस? पाककृतींच्या अंकात उकडीच्या मोदकांचं पान गायब. ते कुणी फाडलं हे पुढच्या चतुर्थीला सगळ्यांना कळलं. वाचनालयातल्या पुस्तकाची तर गोष्टच सोडा. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पुण्यात्मा लिहून ठेवायचा, 'खून माळ्याने केला आहे.' त्या पाटीवर कोण काय लिहिणार, आणि लिहिलं तरी कुणाला दिसणार!

मी काकूंना सरळ म्हटलंही, "तुमचं वाचून झालं की द्या हो मला." तर म्हणाल्या, "अगं, हे देता येत नाही. दिलं तर सगळंच द्यावं लागेल." सगळंच म्हणजे किती? तर म्हणाल्या, दीडशे असतील. दीडशे पुस्तकं! दीडशे गुपितं त्या बाईच्या पिशवीत, मेथीच्या जुडीशेजारी!

आता आमच्या घरचंही सांगते, नाहीतर म्हणाल लोकांचं बरं दिसतं हिला. ही पाटी आमच्याकडेही आली. रिडेव्हलपमेंटमुळे आली. उपनगरात हल्ली जे काही होतं ते रिडेव्हलपमेंटमुळे होतं. जुनी बिल्डिंग पाडायच्या आधी साडेतीन वर्षांसाठी नाहूरला भाड्याच्या जागेत जायचं ठरलं, तेव्हा यांच्या पुस्तकांचे बावीस खोके झाले. सामान हलवणारा मुलगा म्हणाला, "साहेब, यात लाद्या आहेत का?" नव्या फ्लॅटचा नकाशा बघितला तर माळाच नाही! फॉल्स सीलिंग. पुस्तकांचं करायचं काय? दोन वाचनालयांत विचारलं, त्यांनी हात जोडले, आमचीच ठेवायला जागा नाही म्हणाले. चार खोके नातलगांनी नेले. बाकीच्यांसाठी रद्दीवाला आला. त्याने जिन्यात बसून प्रत्येक पुस्तकाचं बाइंडिंग उचकटलं, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा, कागदाचा वेगळा. हे तोंड धुवायला म्हणून मोरीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

म्हणून सूनबाईने पुढच्या वाढदिवसाला यांना यंत्र आणलं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. आता मराठी माणसाची कथा वेगळी. किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर मिळायला लागली 2016च्या डिसेंबरात. हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम त्याच पंगतीत. त्याआधी का नव्हती, तर म्हणे आपली निम्मी पुस्तकं ज्या जुन्या फॉन्टांत जुळवलेली, त्यांत दिसायला मराठी अक्षर आणि पोटात इंग्रजी. युनिकोड नव्हे. यंत्रात घातलं की सगळा पिशाच्चलिपीचा खेळ. आता पुष्कळ आहे. बुकगंगावर आहे, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं तर फुकट. पण आमच्या यांना हवीत ती जिन्यात फाटली तीच, जुनी! ती मिळतात कशी, तर कुणीतरी केलेले फोटो, पीडीएफ. अक्षर मुंगीएवढं, मोठं केलं की अर्धी ओळ पडद्याबाहेर. मग हे बोटाने ओळ डावीकडे सरकवतात, उजवीकडे सरकवतात, मान तशी फिरते. समोरून बघणाऱ्याला वाटावं टेनिसची मॅच चाललीय. परवा बोरिवलीची नणंद आली होती, वजिरा नाक्याहून, दारातूनच घाबरून म्हणाली, "दादाला हे मानेचं कधीपासून?"

आणि सरकारही बघा. छापील पुस्तकावर कर नाही, पण तेच पुस्तक पाटीवर घेतलं की 5 टक्के जीएसटी. 2018च्या आधी तर 18 टक्के होता! ज्या वस्तूला ना वजन, ना रद्दीत किंमत, तिच्यावर कर. असो. माझा विषय तो नाही.

माझा विषय असा, की घरातली करमणूक आता ऐकूसुद्धा येत नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं तेव्हा आमच्या चाळीत टीव्ही एक आणि प्रेक्षक चाळीस. कुणाचा मुलगा कुणाच्या मुलीशेजारी बसतो हे छायागीतापेक्षा जास्त बघण्यासारखं. 1987 साली रविवारी सकाळी रामायण लागलं की एका घरातून सुरू झालेलं वाक्य जिना उतरेपर्यंत पूर्ण ऐकू यायचं. आणि आता? पाचव्या मजल्यावरचं जोडपं, नवं लग्न, दोघं एकाच सोफ्यावर, दोघांच्या कानांत वेगवेगळी बोंडं आणि दोघांच्या हातांत वेगवेगळ्या मालिका. भांडतात का, गोड बोलतात का, काही समजत नाही. भिंतीला कान लावून लावून पेला झिजला, म्हणजे लावला असता तर झिजला असता.

सहाव्यावरच्यांचं उलट. त्यांनी साउंडबार आणलाय, खाली ढुम करणारा डबा वेगळा. रात्री अकराला कुठल्या देशात बाँब पडतो ते माझ्या देवघरातल्या समया सांगतात. सेक्रेटरींकडे तक्रार गेली, तर त्यांच्याच घरी प्रोजेक्टर आहे असं निघालं. घाटकोपरच्या वहिनींकडे ती बोलणारी डबी आहे. अ‍ॅलेक्सा आपल्याकडे 2017 साली आली आणि हिंदी शिकली 2019 साली. म्हणजे रिक्षावाल्यापेक्षा जास्त वेळ लागला. वहिनी तिला "अगं" म्हणत नाहीत, "अहो अलेक्साबाई" म्हणतात, उगाच रागवायला नको. अंधेरीच्या विहीणबाई पुस्तक कानाने ऐकतात. स्टोरीटेल 2017 साली आलं तेव्हापासून मराठी कादंबऱ्या कानात सोडायची सोय झाली. मटकी निवडताना त्या एकदम किंचाळल्या. मला वाटलं किडा. नाही, प्रकरण सतरावं. आणि कारवां नावाचा डबा मिळालेल्या आजोबांचं तर विचारूच नका. पाच हजार गाणी त्या रेडिओसारख्या डब्यात. बायको काही बोलायला लागली की आवाजाचं बटण फिरतं. पण ते निदान काय ऐकतात हे अख्ख्या जिन्याला कळतं, म्हणून त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे.

तर पुन्हा काकू. मी सोडणाऱ्यातली नाही. एकदा गॅसवाला आला म्हणून त्या पाटी बाकावर ठेवून उठल्या. मी झाकण उघडलं. चार आकडी पिन! सत्तर वर्षांच्या बाईला पिन! लग्नाची तारीख घालून बघितली, मुलाच्या जन्माचं साल घातलं, मग फ्लॅट नंबर. नाही उघडलं. त्या आल्या तेव्हा मी पाटीवरची धूळ पुसत होते.

मग गेल्या गुरुवारी उलगडलं. अहो, इतकं सोपं! काकूंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं असेल ताण देऊ नका, म्हणून त्यांनी अक्षर मोठं केलं. मोठं म्हणजे केवढं? एका पानावर पंधरा शब्द! लोकलच्या इंडिकेटरवर असतात तशी अक्षरं. सोनचाफ्याच्या मागे दुसरा बाक आहे, पार्किंगकडे तोंड केलेला. त्यावर जरा तिरकं बसलं की काकूंच्या खांद्यावरून पान स्वच्छ दिसतं. चष्मासुद्धा लागत नाही.

पाच फेऱ्यांच्या तीन केल्या आहेत मी. गुडघ्यांना झेपत नाही असं घरी सांगितलंय. साडेपाचला बरोबर पिशवी घेऊन मागच्या बाकावर. काय आहे ते मला कळलंय, आणि तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही. मंगळवारी त्या का रडल्या तेही कळलं, कारण शनिवारी मी त्याच पानाला... ते जाऊ दे.

काल मात्र त्या एका पानावर फारच रेंगाळल्या. पंधरा शब्द, माझे दोनदा वाचून झाले. पुढे तो बाईला पत्र देतो की नाही हे उलटल्याशिवाय कळायचं कसं? मी उगाच खोकले. पिशवी वाजवली. तेवढ्यात काकूंनी बोट पानाच्या कडेशी नेलं आणि मागे न बघता म्हणाल्या, "झालं का गं तुझं? उलटू?"